हार्ड डिस्क जाणारच. हिशेब मात्र राहिला पाहिजे

प्रतिनिधी, नागपूर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीने पात्र सोडले आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊटपासून सीताबर्डीपर्यंत वस्त्यांत व बाजारपेठेत पाणी शिरले. तळघरातील आणि तळमजल्यावरील दुकानांचे मोठे नुकसान झाले. शासनाने नुकसानग्रस्त दुकानदारांना ५० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. अशा वेळी पंचनाम्यात मालाची नोंद होते, फर्निचरची होते, भिजलेल्या संगणकाचीही होते. मात्र त्या संगणकातील हार्ड डिस्कवर असलेल्या उधारीच्या नोंदी, ग्राहकांची यादी, कामगारांचे पगारपत्रक आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार यांची किंमत कोणत्याही पंचनाम्यात बसत नाही. नवा संगणक दुसऱ्या दिवशी विकत मिळतो. जुना हिशेब कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पूर ही क्वचित येणारी आपत्ती झाली. हार्ड डिस्क बंद पडणे ही मात्र रोजची घटना आहे. इतवारीतील ठोक व्यापारी, गांधीबागेतील कापड दुकानदार, धंतोली-रामदासपेठेतील दवाखाने, हिंगणा व बुटीबोरीतील कारखाने, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, छायाचित्रकार या साऱ्यांचा व्यवहार आज संगणकावर चालतो. त्यातील अनेक ठिकाणी संपूर्ण व्यवसायाचा लेखाजोखा एकाच यंत्रातील एकाच डिस्कवर साठवलेला असतो. ही डिस्क कधी ना कधी बंद पडणार, हे निश्चित असते. कधी, एवढेच ठाऊक नसते.

रोजकीर्द गेली तरी खतावणी होती

संगणक येण्यापूर्वीच्या हिशेबपद्धतीत एक शहाणपण दडलेले होते. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहिले जात आणि मग खतावणीत प्रत्येकाच्या नावे चढवले जात. खतावणी खराब झाली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येत असे. शिवाय पावतीची स्थळप्रत वेगळी, देणेकऱ्याकडील नोंद वेगळी. म्हणजे एकच व्यवहार दोन-तीन ठिकाणी, वेगवेगळ्या कागदांवर नोंदला जाई. या पुनरुक्तीचा हेतू संरक्षणाचा नसला तरी तिचा परिणाम तोच होता.

संगणकाने ही पुनरुक्ती संपवली. टॅलीसारख्या प्रणालीत एकदा नोंद केली की रोजकीर्द, खतावणी, साठ्याचे पुस्तक आणि करविवरण आपोआप तयार होते. मेहनत वाचली, चुकाही कमी झाल्या. पण ही सारी पुस्तके एकाच डिस्कवरील एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसली. लक्ष्मीपूजनाला आता वहीशेजारी लॅपटॉपही मांडला जातो. वही मात्र एका क्षणात कोरी होत नसे, लॅपटॉप होऊ शकतो, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

अर्थात कागद हा सुरक्षित आणि संगणक असुरक्षित असा निष्कर्ष काढणेही चुकीचे ठरेल. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य कागदी फायली भस्मसात झाल्या. ज्या फायलींची दुसरी प्रत नव्हती, त्या कायमच्या गेल्या. त्यानंतर कागदपत्रांच्या संगणकीकरणाला राज्य शासनाने वेग दिला. कागद असो वा डिस्क, एकच प्रत असणे हाच खरा धोका आहे.

डिस्कच्या आत काय घडते?

आय.बी.एम. कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत जेमतेम पाच मेगाबाइट माहिती मावत असे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट माहिती साठते. मूळ तत्त्व मात्र बदललेले नाही. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावरून एका दांडीच्या टोकाशी असलेले सूक्ष्म शीर्ष सरकत माहिती वाचते व लिहिते.

सर्वसाधारण टेबलावरील संगणकाच्या डिस्कमधील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. ७२०० च्या वेगाने फिरणाऱ्या तबकडीची कडा ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. वाचणारे शीर्ष तबकडीला टेकलेले नसते. फिरण्यामुळे निर्माण झालेल्या हवेच्या पातळ थरावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. अशा स्थितीत धक्का बसला, धुळीचा कण आत शिरला किंवा शीर्षच निकामी झाले तर ते तबकडीवर घासते आणि चुंबकीय लेप खरवडला जातो. खरवडलेल्या भागातील माहिती जगातील कोणतेही तंत्रज्ञान परत आणू शकत नाही.

बिघाडाचे साधारणतः तीन प्रकार पडतात. पहिला यांत्रिक, यात शीर्ष, मोटार किंवा तबकडी खराब होते. दुसरा विद्युत, विजेचा दाब अचानक वाढल्याने डिस्कच्या खालच्या बाजूचे सर्किट जळते. तिसरा तार्किक, यात डिस्क धडधाकट असते, पण फायलींची मांडणी बिघडते, चुकून फॉर्मॅट होते किंवा विषाणू माहिती खराब करतो. उपाय प्रत्येकाचा वेगळा असल्याने बिघाड कोणता आहे हे न ओळखता केलेली दुरुस्ती अनेकदा अधिक नुकसान करते.

नागपूरच्या वातावरणाचा येथे संबंध येतो. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधील कारखान्याच्या कार्यालयात किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर ठेवलेल्या बंदिस्त संगणकाच्या आत त्याहून अधिक उष्णता साचते. कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण त्या हवेबरोबर दमटपणा येतो. त्यातच वीज गेली आणि यूपीएस नसेल तर डिस्कवर लिहिणे अर्धवट राहते. डिस्क वाचली तरी हिशेबाची फाइल उघडत नाही, असा अनुभव बहुधा अशाच प्रसंगानंतर येतो.

शक्यता किती?

डिस्क नेमकी केव्हा बंद पडेल हे सांगता येत नाही. मात्र मोठ्या संख्येने वापरल्या जाणाऱ्या डिस्कबाबत अंदाज बांधता येतो. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी माहिती साठवण्याचा व्यवसाय करते आणि आपल्या सुमारे तीन लाख डिस्कची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. २०२४ मध्ये त्यांतील बिघाडाचे वार्षिक प्रमाण १.५७ टक्के होते.

हा आकडा किरकोळ वाटतो. पण दहा संगणक असलेल्या कार्यालयाने तो पाच वर्षांसाठी मांडून पाहावा. या काळात दहांपैकी किमान एक डिस्क बंद पडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५५ टक्के येते. हे प्रमाण वातानुकूलित, अखंड वीजपुरवठा असलेल्या माहिती केंद्रांतील आहे. धूळ, उकाडा आणि विजेचा लपंडाव सोसणाऱ्या दुकानातील डिस्ककडून त्याहून चांगली अपेक्षा ठेवता येत नाही.

पूर्वसूचना मिळते का?

काही वेळा मिळते. संगणक सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागणे, एखादी फाइल उघडताना यंत्र गोठणे, फायली अचानक नाहीशा होणे, वारंवार डिस्क तपासणीचा संदेश येणे ही लक्षणे दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. डिस्कमधून ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येऊ लागला तर शीर्षाला आपली जागा सापडत नसल्याचे ते चिन्ह असते.

प्रत्येक आधुनिक डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वयंतपासणीची व्यवस्था असते. खराब झालेले किती भाग बदलून घेतले, किती भाग वाचता येत नाहीत, डिस्क किती तास चालली, तापमान किती आहे याची नोंद ती ठेवते. मोफत मिळणाऱ्या छोट्या प्रणालींच्या साहाय्याने ही नोंद कोणालाही पाहता येते. बदललेल्या किंवा न वाचता येणाऱ्या भागांची संख्या वाढू लागली की डिस्क बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

मात्र या व्यवस्थेवर पूर्ण विसंबून राहता येत नाही. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत वाचनाचा पहिला दोष आढळल्यानंतर पुढील ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या तुलनेत ३९ पट असल्याचे त्यात दिसले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी एक-तृतीयांशाहून अधिक डिस्कनी अशी कोणतीही पूर्वसूचना दिलीच नव्हती. धोक्याची घंटा वाजली तर तातडीने हालचाल करावी. पण ती वाजली नाही म्हणजे सारे आलबेल आहे असे मानू नये.

डिस्क बंद पडल्यावर

पहिला नियम एकच आहे: संगणक बंद करावा आणि पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. यांत्रिक बिघाड झालेल्या डिस्कमध्ये प्रत्येक वेळी तबकडी फिरताना शीर्ष अधिक ओरखडे पाडते. ‘एकदा चालू करून बघू’ या उत्सुकतेपोटी परत मिळण्याजोगी माहितीही कायमची जाते.

डिस्क सुरू होत असेल, आवाज नसेल आणि केवळ काही फायली दिसत नसतील, तर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. पुसलेली फाइल प्रत्यक्षात लगेच नष्ट होत नाही. तिची जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरी माहिती लिहिली गेली की परतीचा मार्ग बंद होतो. म्हणूनच माहिती परत मिळवणारी प्रणाली त्याच डिस्कवर उतरवून घेणे ही मोठी चूक ठरते. जाणकार तंत्रज्ञ आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेतात आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करतात. डिस्क दुरुस्तीला देताना ‘आधी प्रतिमा घेणार का?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

डिस्क उघडण्याचा प्रयत्न कदापि करू नये. ती उघडण्यासाठी धूळविरहित विशेष कक्ष लागतो. सर्किट जळले असल्यास तशाच दुसऱ्या डिस्कचे सर्किट बसवण्याचा घरगुती उपायही आता बहुधा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची सूक्ष्म मोजमापे त्या सर्किटवरील चिपमध्ये साठवलेली असतात. बंद पडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवावी असा एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते आणि उरलीसुरली आशाही संपते.

पाण्यात बुडालेल्या डिस्कबाबत तर सहजबुद्धी नेमकी उलट दिशेने नेते. ती उन्हात वाळवून सुरू करून पाहण्याचा मोह होतो. सर्वसाधारण डिस्कला हवेचा दाब समान राहावा म्हणून एक बारीक छिद्र असते. त्यातून गढूळ पाणी आत गेले असल्यास वाळल्यावर गाळ तबकडीला चिकटतो. अशी डिस्क न वाळवता, ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत ठेवून लवकरात लवकर तज्ज्ञ प्रयोगशाळेकडे पाठवावी. तिला वीज मात्र अजिबात देऊ नये.

हमीविषयीही गैरसमज आहे. हमीच्या मुदतीत डिस्क बंद पडली तर कंपनी नवी डिस्क देते, त्यावरील माहिती देत नाही. जुनी डिस्क जमा केली की माहिती परत मिळवण्याची संधीही तिच्याबरोबर जाते. डिस्क बदलून घ्यायची की माहिती वाचवायची, याचा निर्णय ती हातातून सोडण्यापूर्वीच करावा लागतो. डिस्कवर ग्राहकांची किंवा रुग्णांची खासगी माहिती असल्यास तिच्या गोपनीयतेची लेखी हमी दुरुस्ती करणाऱ्याकडून घेणेही गरजेचे आहे.

नव्या एसएसडीचे वेगळे दुखणे

आता अनेक संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी एसएसडी असते. ती वेगवान आहे, धक्के सोसते आणि तिच्यात घासण्याजोगे काही नसते. त्यामुळे बॅकअपची गरज उरली नाही असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात एसएसडीचे नियंत्रक सर्किट बिघडले तर ती कोणताही आवाज न करता एका क्षणात मुकी होते. शिवाय पुसलेल्या फायलींच्या जागा ती पार्श्वभूमीवर स्वतःच साफ करत असते. जुन्या डिस्कवरून चुकून पुसलेली फाइल बऱ्याचदा परत मिळे; एसएसडीवर ती मिळण्याची शक्यता फारच कमी असते.

दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे

काही कार्यालयांत दोन डिस्क जोडून एकीवरचे सारे दुसरीवर आपोआप उतरवणारी ‘रेड’ व्यवस्था असते. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, हा तिचा लाभ मोठा आहे. पण ती आरशासारखी असते. चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून पुसली जाते, विषाणूने बिघडवली तर दोन्हीकडे बिघडते, आणि यंत्र चोरीला गेले किंवा पाण्यात बुडाले तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात.

इंटरनेटवरील साठवणुकीशी फोल्डर जुळवून ठेवण्याच्या सेवेचेही तसेच आहे. संगणकावर जे घडते तेच तिकडे घडते. फाइलच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय सुरू असेल आणि त्या किती दिवस राहतात हे माहीत असेल, तरच तिला बॅकअप म्हणता येईल.

खंडणीखोर विषाणूंनी हा फरक व्यवसायांना कडू अनुभवातून शिकवला आहे. हे विषाणू संगणकातील फायली कुलूपबंद करतात आणि किल्लीसाठी पैसे मागतात. हिंगणा व बुटीबोरीसह राज्यभरातील औद्योगिक वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर मार्च २०२१ मध्ये असाच हल्ला झाला आणि मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे संगणकीय कामकाज विस्कळीत झाले. नेटवर्कच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या काही बॅकअप फायली या हल्ल्यातून बचावल्याचे महामंडळाने त्या वेळी सांगितले होते. संगणकाला सतत जोडलेला बॅकअप संगणकाबरोबरच बाधित होतो. वेगळा ठेवलेला वाचतो.

याहून बोलके उदाहरण मर्स्क या जहाज कंपनीचे आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विषाणूने तिचे जगभरातील संगणक ठप्प केले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला. संपूर्ण नेटवर्क पुन्हा उभे करण्यासाठी आवश्यक असलेल्या मुख्य यंत्रांच्या प्रती एकमेकींशी सतत जोडलेल्या असल्याने साऱ्या एकाच वेळी नष्ट झाल्या. एक तेवढी वाचली, ती आफ्रिकेतील घाना येथील कार्यालयात. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! भारनियमनाने कधी कोणाचे भले केले असेल तर ते येथे. मात्र जे घानात योगायोगाने घडले, ते आपल्या कार्यालयात ठरवून घडवता येते. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवली की झाले.

तीन, दोन, एक

बॅकअपचा एक सोपा नियम जगभर रूढ आहे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो छायाचित्रांच्या जतनाविषयी लिहिताना मांडला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी. खंडणीखोर विषाणूंच्या काळात त्याला आणखी एक जोड द्यावी लागते. किमान एक प्रत कोणत्याही संगणकाला किंवा नेटवर्कला जोडलेली नसावी.

दुसरे ठिकाण म्हणजे शेजारची खोली नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा ज्या ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते त्यांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला आग लागली. त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’ या साठवण व्यवस्थेतील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची बाहेर प्रतच नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर देशाची ही स्थिती झाली. सीताबर्डीतील दुकानदाराने रोजची प्रत धरमपेठेतील घरी नेली, तर नियम पाळला जातो. पण दुकान आणि घर दोन्ही नाग नदीच्या काठी असतील तर नाही.

इंटरनेटवर सारे साठवावे, असा मार्ग सुचवला जातो. तो चांगला आहे, पण त्याचे गणित आधी मांडावे. दोनशे गिगाबाइट माहिती सेकंदाला २० मेगाबिट वेगाने पाठवायची तर सुमारे बावीस तास लागतात, आणि तेही वेग अखंड टिकला तर. म्हणून पहिली संपूर्ण प्रत डिस्कवर घ्यावी आणि पुढे रोज बदललेल्या फायलीच इंटरनेटवर पाठवाव्यात, हे व्यवहार्य ठरते.

आधी काय वाचवावे?

साऱ्या माहितीचे मोल सारखे नसते. विक्रीची विवरणे जीएसटीच्या संकेतस्थळावर भरलेली असतात, खात्याचा उतारा बँकेकडून मिळतो, खरेदीची बिले पुरवठादाराकडे असतात. ही माहिती कष्टाने का होईना, पुन्हा जमवता येते. परंतु कोणाकडे किती उधारी बाकी आहे, गोदामात किती माल आहे, कोणत्या ग्राहकाला कोणता भाव दिला, रुग्णाच्या मागील तपासणीत काय आढळले, यंत्राच्या सुट्या भागाचे रेखाचित्र कोणते, हे अन्यत्र कोठेही नोंदलेले नसते. जे इतर कोणाकडेही नाही, त्याची प्रत सर्वप्रथम आणि सर्वाधिक वेळा घ्यावी.

त्यानंतर दोन प्रश्नांची उत्तरे मालकाने स्वतः द्यावीत. किती काळाचे काम पुन्हा करणे परवडेल? आणि किती वेळ व्यवहार बंद राहिलेला चालेल? दिवसाला पाच बिले फाडणाऱ्याला आठवड्याची प्रत कदाचित पुरेल. हंगामात कळमना बाजारात दिवसभर वजनकाटा चालवणाऱ्या आडतदाराला रोजची प्रतही अपुरी पडेल. बॅकअप किती वेळा घ्यायचा आणि त्यावर किती खर्च करायचा, हे या दोन उत्तरांवरून ठरते.

कायदाही हेच सांगतो

माहिती गेली हे कारण कर अधिकाऱ्यांपुढे पुरेसे ठरत नाही. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार लेखे संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावे लागतात. संगणकावर लेखे ठेवणाऱ्यांनी त्यांचा योग्य बॅकअप ठेवावा आणि अपघात किंवा नैसर्गिक कारणाने ते नष्ट झाल्यास वाजवी वेळेत पुन्हा उभे करता यावेत, असे याच कायद्याखालील नियमांत स्पष्ट म्हटले आहे. कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या व्यवसायांना लेखे आठ वर्षे सांभाळावे लागतात. त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये नियम अधिक कडक झाला. भारतातील सर्व्हरवर लेख्यांचा बॅकअप पूर्वी ठराविक काळाने घ्यायचा होता, तो तेव्हापासून दररोज घेणे बंधनकारक झाले.

न तपासलेला बॅकअप म्हणजे निव्वळ आशा

बॅकअप घेतला जातो, पण तो उघडतो का हे कोणी पाहत नाही, हा सर्वांत सामान्य दोष आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतील एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस चुकून पुसला गेला. कंपनीकडे प्रती राखण्याच्या पाच पद्धती होत्या. गरज पडली तेव्हा त्यांतील एकही नीट चालत नसल्याचे उघड झाले. सहा तास आधी सहज घेतलेल्या एका प्रतीमुळे कंपनी बचावली. त्या सहा तासांचा डेटा मात्र गेला. तंत्रज्ञांनी भरलेल्या कंपनीत हे घडते, तर पेनड्राइव्हवर वर्षभर त्याच फाइलवर फाइल चढवणाऱ्या दुकानात काय घडेल हे सांगायला नको.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअपमधील माहिती दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. हिशेबाची प्रणाली उघडावी, कोणत्याही तीन ग्राहकांची बाकी मूळ नोंदीशी ताडून पाहावी. तिन्ही जुळल्या तर बॅकअप खरा. बॅकअपला संकेतशब्द लावला असल्यास तो मालकाव्यतिरिक्त आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावा. हिशेबनीस नोकरी सोडून गेला आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली, तर ती प्रत असून नसल्यासारखी.

छोट्या कार्यालयासाठी पुढील क्रम पुरेसा आहे.

• रोज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा. सम आणि विषम तारखांसाठी दोन वेगळ्या डिस्क ठेवाव्यात.

• त्या दिवशीची डिस्क काढून घरी न्यावी. संगणकाला जोडून ठेवू नये.

• फाइलच्या नावात तारीख घालावी. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये.

• आठवड्यातून एकदा सारी माहिती इंटरनेटवरील साठवणुकीत पाठवावी.

• ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद झाल्यावर त्याची कायमस्वरूपी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, वर्ष लिहून ठेवावी आणि दरवर्षी एकदा उघडून पाहावी.

• संगणकाला यूपीएस असावा. तळघरात किंवा जमिनीलगत संगणक ठेवू नये. पाणी सर्वप्रथम तेथेच शिरते.

• चार-पाच वर्षे चाललेली डिस्क बिघडण्याची वाट न पाहता बदलावी. जुनी डिस्क दुय्यम प्रतीसाठी वापरता येते.

• ही सारी जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवावे. सर्वांचे काम हे कोणाचेच काम नसते.

योगायोग असा की, जगभरात ‘बॅकअप दिन’ म्हणून पाळला जाणारा दिवस ३१ मार्च हाच आहे. त्या दिवशी आपल्याकडे प्रत्येक व्यापारी रात्री उशिरापर्यंत वर्षाचा ताळेबंद जुळवत बसलेला असतो. पै-पैचा मेळ लावण्यासाठी तो जागरण करतो. त्यातील दहा मिनिटे त्या ताळेबंदाची दुसरी प्रत काढण्यासाठी दिली, तर एप्रिलमध्ये डिस्क बंद पडली तरी दुकान उघडे राहील. पूर्वी दुकानाला आग लागली तर मालक तिजोरीआधी वह्या बाहेर काढत असे, कारण येणे वसूल करण्याचा आधार वह्यांतच होता. तो आधार आता डिस्कवर आहे, आणि आग लागण्याआधीच बाहेर नेऊन ठेवण्याची सोय प्रथमच उपलब्ध झाली आहे.